भोक पाडलेला माठ

आमच्या बाहेरच्या खोलीत, दारातून आत पाऊल टाकताच समोर दिसेल अशा जागी, वर्षभर एक खोटा फोटो टांगलेला होता. तो मीच काढला होता. तो खोटा आहे हे मला आणि पारशिवनीकडच्या, मासे धरणाऱ्या एका ढिवर म्हाताऱ्याला ठाऊक होतं. तिसऱ्या कोणाला नाही. आज पन्नाशी उलटल्यावर लिहायला बसलो आहे, तर आधी हे सांगून टाकतो, म्हणजे पुढचं मोकळेपणानं सांगता येईल. पुढचं बहुतेक सगळं आनंदाचंच आहे.

सत्तर साल उजाडायला तेव्हा दोन-तीन वर्षं होती. मी नागपुरात कारकून होतो. लग्नाला दोन वर्षं झालेली, महाल भागात भाड्याच्या दोन खोल्या. बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबाकडून मी जुना घडीचा कॅमेरा घेतला होता. झाकण उघडलं की काळा भाता पुढे यायचा आणि त्याच्या टोकाला भिंग. एका रोलमध्ये बारा फोटो. माणसांचे फोटो त्यात उत्तम यायचे, पण मला माणसांचे फोटो काढायचे नव्हते. मला बदकांचं वेड लागलं होतं.

ते कसं लागलं, नक्की सांगता येत नाही. एका हिवाळ्यात कचेरीच्या कामासाठी पारशिवनीच्या पुढच्या एका गावी गेलो होतो. तिथला मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांनी बांधलेला, तलाव सकाळच्या धुक्यात झाकलेला होता. धुकं हळूहळू वर गेलं आणि पाणी हलताना दिसलं. मग लक्षात आलं की हलतंय ते पाणी नाही, बदकं आहेत. शेकड्यांनी. त्या दिवशी कामाचे कागद मी तसेच परत आणले आणि साहेबांना काहीतरी थाप मारली. ती पहिली.

त्यानंतर नोव्हेंबर ते फेब्रुवारी दर रविवारी माझा एकच कार्यक्रम. पहाटेच्या पहिल्या एसटीच्या टपावर सायकल चढवायची, पारशिवनीला उतरवायची आणि पुढे थंडीत कान बधिर होईपर्यंत पायडल मारायचं. खिशात दोन संत्री आणि पोळीची गुंडाळी. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पोचलो की पोटावर पडून राहायचं आणि बघायचं.

काय बघायचो? थापट्या बदकं चमच्यासारखी रुंद चोच पाण्यावर टेकवून एकमेकांच्या मागे गोल गोल फिरायची, जणू लग्नाच्या पंगतीत वाढपी फिरताहेत. तलवार बदकं डोकं पाण्यात घालून शेपटीचं टोक आभाळाकडे करायची. चक्रवाकाची जोडी पलीकडच्या काठावर, सगळ्यांपासून अंतर राखून, भरल्या घरातल्या श्रीमंत पाहुण्यांसारखी बसलेली. अडई शीळ घालत यायच्या. ही बरीचशी पाहुणी मंडळी, थंडी सरली की जाणारी. आणि त्यांच्यात एक इथलंच, बारमाही घरचं माणूस म्हणावं असं बदक होतं. काळ्या चोचीच्या टोकाला हळदीसारखा पिवळा ठिपका आणि चोचीच्या मुळाशी कुंकवाचे दोन थेंब. त्याला हळदीकुंकू बदक म्हणतात. माझा जीव जडला तो त्याच्यावर.

फोटोत मात्र काही म्हणजे काही येत नव्हतं. दूरचं जवळ आणणारं भिंग माझ्यासारख्याच्या आवाक्यातलं नव्हतं. धुऊन आणलेला पहिला फोटो मी बायकोपुढे धरला.

"यात बदक कुठे आहे?"

"हा काय, हा ठिपका."

"हा होय? मला वाटलं स्टुडिओवाल्याची काच पुसायची राहिली."

ती हसली, मीही हसलो, पण मनात बोचलं. एक तरी फोटो असा हवा की तिनं बोट दाखवायला सांगू नये.

ढिवर म्हातारा त्या तलावात मासे धरायचा, शिंगाडे काढायचा आणि थंडीत बदकंही धरायचा. मी त्याला मामाजी म्हणायचो, तो मला बाबू. पहिले काही रविवार त्यानं मला नुसतं पाहिलं. मग एकदा डोंगा काठाला लावून म्हणाला, "बाबू, तुमी दर इतवारी येता, पाह्यता अन् जाता. काई धरत नाई. मंग येता काहून?"

"फोटो काढायला येतो, मामाजी."

"फोटो काढून का खाता?"

मी पुस्तकात वाचलेली बदकांची नावं त्याला सांगायचो. त्याला सगळी बदकं चवीवरून ठाऊक होती. "हे वातड," तो थापट्याकडे हनुवटी करून म्हणायचा. "हे चिखलावानी लागते. अन् ते कुंकूवालं, ते गोड." मला कसंसंच व्हायचं. पण कोणतं बदक कुठल्या वाऱ्याला कुठे बसतं, ऊन चढल्यावर कुठे सरकतं, हे मी सांगू शकत नव्हतो आणि तो डोळे मिटून सांगायचा.

त्या पहिल्या हिवाळ्यात, डिसेंबरच्या एका रविवारी, रोलमधले अकरा फोटो असेच वाया घालवून मी पाळीवर बसलो होतो. माझा चेहरा बघून त्याला दया आली असावी. "या इकडं," तो म्हणाला. लव्हाळ्यामागे उथळ पाण्यात त्यानं एक खुंटा ठोकला होता आणि खुंट्याला बारीक दोरीनं पायाशी बांधलेलं एक हळदीकुंकू बदक होतं. दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी ठेवलेलं. "याचा काढा," तो म्हणाला. "हे कुटी जात नाई."

मी चिखलात गुडघे टेकले. अंतर चार फूट. मला पाहून बदक घाबरलं, पंख उघडून पाण्यावर धावलं, सगळं अंग वर उचललं, आणि दोरी ताणली गेली त्याच क्षणी मी कळ दाबली.

फोटो अप्रतिम आला. पंख पूर्ण उघडलेले, पायांखाली पाण्याचे तुषार, आणि त्या तुषारांत दोरी पार झाकून गेलेली.

निघताना म्हाताऱ्यानं विचारलं होतं, "घेऊन जाता का गा बाबू? बायकोले द्या रांधाले." मी नको म्हणालो. त्या वेळी "सोडा त्याला" एवढंच म्हणायचं होतं. त्यानं ऐकलं असतं की नाही, माहीत नाही. पण मी म्हणालोच नाही. शेवटची एसटी चुकेल म्हणून सायकलवर टांग टाकली, आणि मागे पंखांची फडफड ऐकू येत होती तरी वळून पाहिलं नाही.

नव्या वर्षाच्या सुरुवातीला शहरात हौशी लोकांचं फोटोंचं प्रदर्शन होतं. फॉर्मवर फोटोला नाव द्यायचं होतं. मी माझ्या हातानं लिहिलं: ‘मुक्त’. पहिलं बक्षीस मिळालं.

बायकोला काय आनंद झाला! तिनं फोटोला चौकट करून आणली, खिळा स्वतः ठोकला. आल्यागेल्याला सांगायची, "हे चार फुटांवर होते बरं का! श्वास रोखून. आणि ते असं भर्रकन उडालं!" हे सांगताना ती दोन्ही हात पसरायची. त्यानंतर संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. आळीतल्या बायका जमल्या. फोटो काळापांढरा, त्यात पिवळा-लाल काही दिसत नव्हतं. तेव्हा तिनं करंड्यातली हळद बोटावर घेऊन काचेवर चोचीच्या टोकाला लावली आणि मुळाशी कुंकू. "याचं नावच हळदीकुंकू बदक आहे, मग याला नको का?" बायका खूश झाल्या. एका म्हाताऱ्या बाईंनी तर नमस्कार केला.

मी आतल्या खोलीच्या दारातून ते पाहत होतो. त्या बदकाचं कालवण होऊन तेव्हा महिना झाला होता.

वर्षभर तो फोटो माझ्याकडे बघत राहिला. कचेरीत जाताना, येताना. सांगावंसं कितीदा वाटलं, पण तिचे ते पसरलेले हात आठवायचे आणि तोंड मिटायचं. शेवटी मी माझ्यापुरता एक ठराव केला. पुढच्या संक्रांतीच्या आत, त्याच बदकाचा, तितक्याच जवळून, खरा फोटो काढायचा. तो चौकटीत घालायचा आणि मगच तिला सगळं सांगायचं. रिकाम्या हातानं कबुली द्यायची माझी छाती नव्हती.

थंडी सुरू होताच मी बक्षिसाच्या फोटोची एक प्रत घेऊन म्हाताऱ्याकडे गेलो. त्यानं तो उलटासुलटा करून पाहिला.

"दोरी दिसून नाई राह्यली. लय बेस!"

"मामाजी, हे पाप झालं माझ्या हातून."

"कायचं पाप? बदक माहं, दोरी माही, खुटा माहा. तुमी काहून रडून राह्यले?"

मी त्याला सगळं सांगितलं. बक्षीस, बायको, कुंकू. कुंकवाचं ऐकून त्याला ठसका लागेपर्यंत हसू आलं. मग विचार करून म्हणाला, "तुमाले जवळ जाचं हाय न? मंग जसा म्या जातो तसे जा. मडकं घाला डोक्यात."

तो बदकं अशी धरायचा. तोंडं बंद केलेली पाच-सात रिकामी मडकी तलावात सोडून द्यायची. चार दिवस ती वाऱ्यानं इकडेतिकडे हिंडतात. बदकं आधी बिचकतात, मग सवय होते, मग मडक्यांना खेटून पोहतात. पाचव्या दिवशी त्यातलंच एक मडकं वाटावं असं मडकं डोक्यावर पालथं घालून माणूस गळ्याइतक्या पाण्यात उतरतो. डोळ्यांपुरती भोकं. बदकांत शिरायचं आणि खालून पाय धरायचा.

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. माझा कॅमेरा जवळात जवळ तीन फुटांवरचं नीट पाहू शकत होता. तीन फुटांवर बदकं येणार असतील तर आणखी काय हवं? फक्त डोकं आणि कॅमेरा दोन्ही मावतील एवढं मडकं पाहिजे होतं.

एवढं मोठं भांडं घरात एकच होतं: उन्हाळ्यातला पाण्याचा माठ. मी अंगणात बसून कानशीनं त्याला भोक पाडत होतो तेव्हा बायको बाहेर आली.

"अहो, काय करून राहिले तुम्ही?"

"भोक पाडतोय."

"ते दिसतं मला. उन्हाळ्यात याच्यात पाणी भरायचं की पीठ चाळायचं?"

मी माठ डोक्यात घालून दाखवला. भोकातून भिंग बाहेर काढलं. आतून मला तिचं हसू ऐकू आलं, आणि ते घुमत घुमत माठभर झालं. "कचेरीत असेच जात जा," ती म्हणाली. "साहेब काम सांगणार नाही."

जानेवारीच्या पहिल्या रविवारी मी पाण्यात उतरलो. पाणी इतकं गार की पहिला अर्धा मिनिट मला माझं नावही आठवलं नसतं. अंगात जुना स्वेटर, वर माठ, माठात मी आणि कॅमेरा. रोल पुढे सरकवायला मागच्या छोट्या लाल खिडकीतून आकडा पाहावा लागे आणि माठात ते शक्य नव्हतं. म्हणजे एका वेळी एकच फोटो. भोकातून मला वीस-पंचवीस हळदीकुंकू बदकं दिसत होती. मी सरळ त्यांच्या दिशेनं निघालो. पन्नास हातांवर असतानाच सगळा थवा उठला. मग तलावावरचं एकूण एक बदक उठलं. आभाळ काळं झालं आणि मी खाली माठात उभा.

काठावर म्हातारा पोट धरून बसला होता. "बाबू, एक तं मडकं लालभडक, नव्या नवरीवानी. अन् वारा येते इकून, तुमी चालले तिकून! वाऱ्याच्या उलट चालनारं मडकं पाह्यलं होतं का कधी? बदकाइनं बी नोतं पाह्यलं!"

माठ मी त्याच्याकडेच ठेवला. त्यानं तो चुलीच्या धुरावर काळा केला, वर शेवाळ लिंपलं. आठवडाभर तळ्यात मडकी तरंगत ठेवली. पुढच्या रविवारी, संक्रांतीच्या आधीच्या शेवटच्या, मी पुन्हा गेलो. उतरताना म्हाताऱ्यानं एक गोष्ट सुचवली. ती ऐकून मला घाम फुटला, एवढ्या थंडीत.

"म्या बी येतो. बुडी मारून खालून एकाचा पाय धरून ठेवतो. तुमी आरामात काढा. दोरी बी नाई दिसनार, म्या बी नाई."

खोटं सांगत नाही, क्षणभर मी हो म्हणणारच होतो. संक्रांत चार दिवसांवर होती.

"नको, मामाजी."

"मंग जा," तो म्हणाला. "पन चालू नका. वारा नेईन तसे जा."

मी पाय चिखलात जेमतेम टेकवत वाऱ्याच्या बाजूनं सरकत राहिलो. किती वेळ गेला कोण जाणे. माठात ओल्या मातीचा वास होता, एप्रिलमध्ये पहिल्यांदा भरलेल्या माठाचा असतो तसा. माझा श्वास मलाच मोठमोठ्यानं ऐकू येत होता. आणि मग दुसरा एक आवाज येऊ लागला: चुळचुळ, चुळचुळ. चोची पाणी गाळत होत्या. भोकातून डावीकडे एक बदक, मग दोन, मग माझ्या चारी बाजूंना बदकंच. मी त्यांच्यात होतो. कोणी मला पाहुणा म्हणूनसुद्धा विचारत नव्हतं.

एक बदक सरळ माझ्याकडे आलं. कुंकवाचे दोन थेंब, हळदीचं टोक, पाठीच्या पिसांवर पाण्याचे मणी, आणि तपकिरी डोळा. तो डोळा भिंगाकडे पाहत होता. मी कळ दाबली.

ते उडालं नाही! उलट आणखी पुढे आलं आणि माझ्या कपाळाच्या नेमक्या समोर, माठावर, चोच मारली. टक्. मग पुन्हा टक्, टक्. ते शेवाळ खात होतं. माझ्या डोक्यावर हळदीकुंकू बदक न्याहारी करत होतं! मला हसू आवरेना. मी दात आवळले, ओठ आवळले, आणि शेवटी ते फुटलंच. माठातून निघालेलं ते हसू काय भयानक ऐकू आलं असेल, देव जाणे. भर्रकन सगळी उठली. पंखांचं पाणी भोकातून माझ्या तोंडावर उडालं, आणि मी मात्र गळ्याइतक्या पाण्यात उभा राहून हसतच होतो. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला होता, आठवत नाही.

मंगळवारी सीताबर्डीतल्या स्टुडिओवाल्यानं फोटो हातात दिला आणि विचारलं, "कॅमेऱ्यात पाणी शिरलं का हो?"

फोटोभर राखाडी धुकं होतं. मध्ये एक गडद डाग आणि त्याच्या बाजूला जरा फिका डाग. मला लगेच कळलं. भिंग मी तीन फुटांवर लावलं होतं. बदक दीड फुटावर आलं होतं.

संध्याकाळी घरी गेलो तेव्हा बायको तिळाचे लाडू वळत होती. हात रिकामे असते तर बरं झालं असतं असं वाटण्याइतका तो फोटो निकामी होता. पण संक्रांत परवावर आली होती. मी तिच्यासमोर पाटावर बसलो, फोटो पुढे ठेवला आणि सांगितलं. खुंटा, दोरी, ‘मुक्त’, सगळं. ती लाडू वळायची थांबली नाही.

"मग त्या बदकाचं काय झालं?"

याच प्रश्नाला मी वर्षभर भीत होतो. "बाजारात गेलं."

पाक घट्ट होत चालला तशी तिची बोटं भराभर चालत होती. मग म्हणाली, "तुम्ही एकदा खोटं लिहिलंत. मी वर्षभर बोलले. तेही हात पसरून." डोळे भरले होते तिचे. त्यानंतर दोन दिवस तिनं माझ्याशी मिठापुरतंही बोलणं ठेवलं नाही.

मी प्रदर्शनवाल्या मंडळींकडे जाऊन प्रमाणपत्र परत करू लागलो. तिथल्या वयस्क गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "वहीत नाव चढलंय, आता खाडाखोड कोण करणार? पुढच्या वर्षी दोरीचाही फोटो आणा." मी ते टेबलावर ठेवून आलो.

संक्रांतीच्या संध्याकाळी हळदीकुंकू होतं. असल्या वेळी घरातल्या पुरुषाची जागा स्वयंपाकघरात. मी वाट्यांत तिळगूळ भरत बसलो होतो आणि बाहेरचं ऐकत होतो. बांगड्या, पातळांची सळसळ, मग नेहमीचा तो प्रश्न कोणीतरी विचारलाच: "अहो, तो उडणारा फोटो कुठे गेला?"

"तो याच चौकटीत आहे, मागे," बायकोचा आवाज आला. "ते बदक दोरीनं बांधलेलं होतं, बाई. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं." माझ्या हातातला तिळगूळ वाटीबाहेर सांडला. "आता खरं काय झालं ते ऐका. यांनी माझा पाण्याचा माठ घेतला…"

आणि ती सांगत गेली. लालभडक माठ, उलटा वारा, काळा माठ, शेवाळ. हे सगळं मी तिला त्या संध्याकाळी पाटावर बसून, मान खाली घालून सांगितलं होतं. ती ऐकते आहे असंही मला वाटलं नव्हतं. टक्, टक् च्या वेळी तिनं बहुतेक कोणाच्या तरी डोक्यावर बोट वाजवून दाखवलं असावं, कारण एक किंकाळी आली आणि मग सगळी खोली हसायला लागली. मीही आत एकटाच हसत होतो.

मग तिनं हाक मारली.

"अहो, जरा बाहेर या."

"मी? आत्ता?"

"हो, तुम्हीच. या."

मी तिळगुळाचे हात धोतराला पुसत बाहेर गेलो. पंधरा-वीस बायका माझ्याकडे बघत होत्या. भिंतीवर, जुन्याच चौकटीत, ते राखाडी धुकं होतं. बायको एका हाताच्या बोटावर हळद आणि दुसऱ्या हाताच्या बोटावर कुंकू घेऊन त्याच्यासमोर उभी होती.

"किती वेळ शोधतेय," ती म्हणाली. "याची चोच कुठे आहे ते दाखवा."

मी पुढे झालो आणि काचेवर, फिक्या डागाच्या कडेला, बोट ठेवलं.

"ही."

"इथे?"

"जरा डावीकडे."

तिनं माझ्या बोटाशेजारी आपलं बोट टेकवलं.